हाडूक टाकण्याआधी

गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेलू, नेरळ, वांगणी या पट्ट्यात कुत्र्यांची चंगळ असते. आषाढातली अमावास्या सरली की महिनाभर श्रावण, म्हणून आदल्या रात्री घरोघरी, गच्चीवर, फार्महाऊसवर कोंबडी शिजलेली असते. उल्हास नदीच्या काठाला, नव्या इमारतींच्या कचराकुंड्यांमागे, कर्जतच्या रस्त्याकडेला पत्रावळी आणि फॉइलचे डबे पडलेले असतात. त्यांत रश्शातली, तंदुरीतली, बिर्याणीतली हाडं. कुत्री ती कडाकडा फोडतात आणि गिळतात. जाणारा-येणारा मायेनं बघतो आणि म्हणतो, खाऊ दे बिचाऱ्यांना.

पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांतलं एखादं कुत्रं कोपरा धरून बसतं. मान लांब करून सारखं गिळल्यासारखं करतं. लाळ गळते. पाणी पितं आणि तेच बाहेर काढतं. शौचाला बसून कुंथतं, होत काहीच नाही. घरचं असेल तर कुणीतरी डॉक्टरांकडे धाव घेतं. रस्त्यावरचं असेल तर ते हळूहळू कमी दिसू लागतं आणि मग दिसेनासं होतं. कशानं गेलं, हे विचारायलाही कुणी नसतं.

शेलू हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचं रायगड जिल्ह्यातलं पहिलं स्टेशन. वांगणीपर्यंत ठाणे जिल्हा, तिथून पुढे कर्जत तालुका. एकेकाळचं भातशेतीचं गाव. आता मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्या माणसांच्या इमारती भाताच्या खाचरांना खेटून उभ्या आहेत. त्यामुळे इथे कुत्र्यांच्याही तऱ्हा फार. गावातली पिढ्यान् पिढ्या राहिलेली गावठी कुत्री आहेत. इमारतींतून लॅब्राडोर, पॉमेरेनियन, शिह त्झू आले आहेत. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर राखणीला ठेवलेली, मालक शनिवार-रविवारीच बघणारी दांडगी कुत्री आहेत. या सगळ्यांना जोडणारा पदार्थ म्हणजे कोंबडीचं हाड. कारण तालुक्यात पोल्ट्रीच्या शेड आहेत, प्रत्येक नाक्यावर चिकन सेंटर आहे, आणि मुंडी, पाय, मान, सांगाडा हे सगळं तिथे थोडक्या पैशांत किंवा फुकटही मिळतं.

हाड घालावं की नाही, यावर माणसं हिरिरीने बोलतात. जुनी माणसं म्हणतात, कच्चं मांस घातलं की कुत्रं पिसाळतं किंवा कोंबड्यांच्या मागे लागतं, म्हणून शिजवून घाला. नवे पालक म्हणतात, कच्चंच नैसर्गिक, शिजवलेलं हाड विषासारखं. जुन्या माणसांची भीती निराधार आहे. पिसाळणं रेबीजच्या विषाणूमुळे होतं, तो आजारी प्राण्याच्या चाव्यातून येतो; कच्च्या मांसाशी त्याचा संबंध नाही. नव्या पालकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आणि उरलेल्या अर्ध्यात, मला वाटतं, आपल्या बाजारातल्या कोंबडीची सगळी गोष्ट दडलेली आहे. हाड कच्चं की शिजलेलं एवढ्यावर थांबून चालत नाही. ते कुठल्या कोंबडीचं, कुठल्या ठोकळ्यावरून आलेलं आणि कुठल्या कुत्र्यापुढे पडणार, हे पाहावं लागतं.

आधी त्यांच्या खऱ्या अर्ध्याबद्दल. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचा. उरलेल्यात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन आणि पाणी. खनिज हाडाला कणखरपणा देतं, कोलॅजन त्याला वाकण्याची मुभा देतं. आच लागली की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रस्सा थंड झाल्यावर थरथरतो तो त्यामुळेच. मागे उरतं ते खनिजाचं ठिसूळ कवच. ओली फांदी वाकते आणि वाळलेली काटकी ताडकन मोडून टोकदार होते, तोच फरक कच्च्या आणि शिजलेल्या हाडात आहे. त्यातही भाजलेलं, तळलेलं, तंदुरीतलं हाड सर्वांत वाईट, कारण त्यातलं पाणीही गेलेलं असतं. शिवाय आपल्या रश्शातल्या हाडाला कांदा-लसणाचं वाटण चिकटलेलं असतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. पोटात जास्त गेल्यास काही दिवसांनी कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडू लागतात. म्हणजे गटारीच्या पत्रावळीतलं हाडूक टोकामुळेही वाईट आणि मसाल्यामुळेही.

आता कोंबडीचं वय. चिकन सेंटरवरचा ब्रॉयलर, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘बॉयलर’ म्हणतात, साधारण ३५ ते ४२ दिवसांचा असतो. दोन-सव्वादोन किलो वजनाचा दिसला तरी ते पिल्लूच. त्याच्या हाडांची टोकं अजून कूर्चेचीच असतात. बरगड्या आणि मान बोटांनी वाकतात. अंड्यावरची कोंबडी मात्र दीड वर्षाच्या आसपास, अंडी कमी झाली की विक्रीला निघते. आयुष्यभर तिने स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम उपसून टरफलं बनवलेली असतात. पिंजऱ्यातल्या अशा कोंबड्यांची हाडं इतकी पोखरलेली असतात की हाताळतानाच मोडतात आणि मोडली की फाळके निघतात. अंगणात वाढलेल्या गावठी कोंबडीचं हाड याच्या उलट, चांगलं कडक. म्हणजे ‘कच्च्या कोंबडीचं हाड मऊ असतं’ हे वाक्य फक्त ब्रॉयलरपुरतं खरं आहे. माणसाला गावठीची चव प्यारी. पण कुत्र्याला हाड घालायचंच झालं तर इथे ब्रॉयलर बरा. त्यातही पायाची नळी सोडून द्यावी. चालताना सगळा भार पेलणारं ते हाड कोवळ्या कोंबडीतही सर्वांत टणक असतं. पंखाचं वरचं हाड तर आतून पोकळ, पातळ भिंतीचं असतं. पक्ष्यांना हलकं ठेवण्यासाठी निसर्गाने केलेली ती सोय कुत्र्याच्या आतड्याच्या दृष्टीने गैरसोयीची आहे.

कुत्रं कसं खातं, तेही पाहायला हवं. गाय-म्हैस जबडा आडवा फिरवून दळते. कुत्र्याचा जबडा आडवा फिरत नाही, फक्त वर-खाली चालतो. ते कात्रीसारख्या दाढांनी तोडतं, एक-दोनदा चेचतं आणि गिळतं. पुढचं काम जठरातल्या आम्लाचं. ते आम्ल तीव्र असतं, कच्च्या कोवळ्या हाडाला काही तासांत विरघळवू लागतं. म्हणून पुष्कळ कुत्री हाडं पचवतात, हे खरंच. गडबड होते ती बहुधा जठराच्या आधी किंवा नंतर. अन्ननलिका तीन ठिकाणी चिंचोळी होते: छातीत शिरताना, हृदयाच्या वरच्या भागापाशी आणि छाती-पोटामधल्या पडद्यातून पोटात उतरण्याआधी. अडकलेलं हाड बहुतेक वेळा या तीनांपैकी एका जागी सापडतं. तिथे ते तासन् तास दाबून राहिलं तर भिंत कुजते, छिद्र पडतं, आणि मग प्रश्न छातीतल्या जंतुसंसर्गाचा होतो. जठराच्या पुढे अडचण वेगळी. हाडांचा चुरा मोठ्या आतड्यात साठून सिमेंटसारखा घट्ट होतो. ज्याची विष्ठा पांढरी, कोरडी, खडूसारखी पडते, त्या कुत्र्याच्या खाण्यात हाड जास्त होतंय हे नक्की समजावं.

कुत्रं सारखं गिळत असेल, लाळ गळत असेल, उलट्या करत असेल, पोट ताठ झालं असेल किंवा विष्ठा डांबरासारखी काळी होत असेल, तर घरगुती उपाय करू नयेत. माणसाच्या घशात काटा अडकला की आपण केळं किंवा भाताचा घास गिळायला लावतो. कुत्र्याला तसं केलं तर अडकलेलं हाड आणखी रुततं. मीठ-पाणी पाजून उलटी काढणं तर जिवावर बेतणारं आहे, कारण उतरताना न टोचलेलं टोक चढताना टोचतं. हाड एक्स-रेमध्ये दिसतं, त्यामुळे निदान अवघड नसतं. अवघड असतं ते वेळेवर पोचणं. दुर्बिणीने हाड काढण्याची किंवा छाती उघडून शस्त्रक्रिया करण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात नसते. रात्री दहानंतर कुत्र्याला घेऊन शेलूहून मुंबई गाठणं म्हणजे दीड-दोन तास, तेही गाडी मिळाली तर. शहरात राहणाऱ्याने एखादी जोखीम घेणं आणि शेलूत राहणाऱ्याने तीच घेणं, यात हे अंतर मोजायला हवं.

मग हाडाचा नादच का करायचा? कारण त्यामागे एक खरी गरज आहे, आणि ती नाकारून कच्चं खाऊ घालणाऱ्यांना मूर्ख ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. १०० ग्रॅम कोंबडीच्या मांसात फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि कॅल्शियम जेमतेम १० ते १५. कुत्र्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. हौसेनं रोज नुसतं बोनलेस चिकन घातलेल्या पिल्लाचं शरीर ही तूट स्वतःच्या सांगाड्यातून भरून काढतं. पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं, जबडा रबरासारखा लिबलिबीत होतो. प्रेमाने केलेल्या कुपोषणाचं याहून करुण उदाहरण मला माहीत नाही. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली कुत्र्याला हाड द्या, असं सांगणारं पुस्तक लिहिलं, आणि कच्च्या, हाडासकट आहाराची चळवळ जगभर पसरली, ती या मुद्द्यावर. तिच्या पोटात एक समजूत होती की कुत्रा म्हणजे लांडगा, आणि धान्य हे त्याचं अन्नच नव्हे.

ही समजूत २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या कामाने बरीच सैल केली. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात; कुत्र्यात त्या अनेक पटींनी वाढलेल्या आहेत. माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्यावर कुत्रा जगू लागला, आणि त्याचं पोट त्या उष्ट्याला सरावलं. आपल्याकडे हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोरडी नको खाऊस, तूप लावून देतो, म्हणत. कर्जतच्या भातपट्ट्यातली कुत्री तांदळाची भाकरी, पेज, सुकटीची डोकी यांवर पिढ्या काढत आली. हाड त्यांना कधीमधी मिळायचं, तेही घरच्या कोंबडीचं. रोज किलोभर मुंड्या आणि पाय ही गेल्या काही दशकांतल्या ब्रॉयलर धंद्याने आणलेली नवी गोष्ट आहे. तिला ‘नैसर्गिक’ म्हणताना जरा थांबायला हवं.

आता नव्या पालकांच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो, आणि इथे मला जास्त वेळ रेंगाळायचं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात माणसं अचानक लुळी पडू लागली. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांतली ताकद जाणं, मग हात, काहींना श्वास घेण्यासाठी व्हेंटिलेटर. गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव तेव्हा घराघरात पोचलं. रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास गेली, काही दगावले. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो. पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश, आणि त्याला वाढायला नेमकं तेवढंच लागतं. कोंबडीला त्याचा काही त्रास होत नाही, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीतही तो असू शकतो. त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूवर चाल करते आणि चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंना चावते.

कुत्र्यालाही हेच होतं. त्या आजाराचं नाव अक्यूट पॉलीरॅडिक्युलोन्यूरायटिस. मागचे पाय आधी लुळे पडतात, मग पुढचे, भुंकण्याचा आवाज बदलतो, क्वचित श्वासही बंद पडतो. २०१८ साली मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी असे २७ कुत्रे आणि तुलनेला ४७ निरोगी कुत्रे तपासले. लुळ्या पडलेल्या कुत्र्यांत कच्ची कोंबडी, विशेषतः माना, खाणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं, आणि त्यांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर सापडण्याची शक्यता निरोगी कुत्र्यांच्या नऊ पटींहून अधिक होती. हा आजार सरसकट होत नाही, बहुतेक कुत्री महिनोन् महिने सेवा केली तर उठून उभी राहतात. पण ‘मान मऊ असते, मान सुरक्षित’ या सल्ल्यातला सुरक्षितपणा केवळ टोचण्यापुरता आहे, हे या कामाने दाखवून दिलं. शिह त्झू, पॉमेरेनियन यांसारखी चिमुकली कुत्री पाळणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावं. अशा कुत्र्यांना दात साफ होतील म्हणून कच्ची मान देण्याची पद्धत आहे, आणि अख्खी मान त्यांच्या घशात अडकूही शकते.

दुसरी घटना नागपूरची. गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. चंद्रपूरकडून, माणसांशी झालेल्या संघर्षानंतर तिथे आणलेले ते वाघ. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने नमुने तपासले तेव्हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू निघाला. खाल्लेल्या कच्च्या मांसातून तो आला असावा, असा संशय व्यक्त झाला. त्याच जानेवारीत आपल्या रायगडात, उरणच्या चिरनेरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला आणि त्या परिसरातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. चिरनेर म्हटलं की आपल्याला १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. आता ही एक आठवण वाढली. राज्यात या विषाणूची पहिली ओळख फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला झाली होती, तेव्हा लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. मांजरकुळातले प्राणी या विषाणूला लवकर बळी पडतात. २००४ साली थायलंडच्या एका व्याघ्र उद्यानात कच्च्या कोंबड्या खाल्लेले १४० हून अधिक वाघ मेले किंवा मारावे लागले. कुत्रे त्या मानाने काटक. पण त्याच वर्षी थायलंडमध्ये, साथीच्या भागातली मेलेली बदकं खाल्लेलं एक कुत्रंही एच५एन१ ने गेल्याची नोंद आहे. पोल्ट्रीत अचानक मर झाली की त्या कोंबड्या शेडमागे टाकायच्या आणि कुत्र्यांनी त्या ओढून न्यायच्या, हे दृश्य म्हणूनच अंगावर काटा आणतं. मेलेली कोंबडी चुन्यासह खोल पुरायची किंवा जाळायची असते. कुत्र्यापुढे टाकण्याची ती वस्तूच नाही.

साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे आजारी कुत्रं पडत नाही, घर पडतं. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साल्मोनेला असलेलं कच्चं खाद्य १६ कुत्र्यांना दिलं. त्यातल्या ७ जणांच्या विष्ठेतून तो पुढे बाहेर पडत राहिला, आणि एकाही कुत्र्यात आजाराची खूण नव्हती. तेच कुत्रं घरी येऊन रांगत्या बाळाचा चेहरा चाटतं. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा कर्करोगाचे उपचार घेणारं कुणी आहे, तिथे कच्चं हाड आणूच नये, असं मी कुणाचीही भीड न ठेवता म्हणेन.

परदेशातला कच्च्या आहाराचा सल्ला शेलूत जसाच्या तसा उचलता येत नाही, याचं कारण चिकन सेंटरवर उभं राहिलं की दिसतं. तिथे कोंबडी आपल्यासमोर कापली जाते, म्हणून ती ताजी, असं आपण धरतो. ताजी ती असतेच. पण पिसं सोलणं, आतडी काढणं आणि तुकडे करणं एकाच ठोकळ्यावर, एकाच सुरीने, एकाच बादलीतल्या पाण्याने होतं. आतड्यातलं सगळं मांसाला लागतं. आपण मांस नेऊन खळखळ उकळतो, म्हणून वाचतो. कुत्र्यासाठी मागितलेलं ‘वेस्टेज’ तर दिवसभर टपात पडलेलं, माश्या बसलेलं असतं, आणि कर्जतचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. अशा उष्णतेत जिवाणू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. घरी आणून हळद-मीठ लावलं, व्हिनेगरमध्ये बुडवलं तरी ते वरवर कमी होतात, जात नाहीत. फ्रीझरमध्ये ठेवल्याने कॅम्पिलोबॅक्टर घटतो, साल्मोनेला मात्र थंडीत झोपून राहतो आणि बर्फ वितळला की उठतो. नळाखाली कोंबडी धुतली की तुषारांबरोबर सगळं ओट्यावर उडतं.

इतकं सांगूनही काही जण कच्चं हाड घालणारच, आणि त्यांनी ते निदान नीट घालावं. सकाळी पहिल्या कापणीतला, आपल्यासमोर कापलेला, नुसत्या ब्रॉयलरचा छातीचा सांगाडा घ्यावा. टपातलं काही घेऊ नये, आतडी आणि पोटा लागलेलं काही घेऊ नये. हाडावर मांस भरपूर असावं, म्हणजे ते चावून खाल्लं जातं. तुकडा कुत्र्याच्या जबड्यापेक्षा मोठा हवा. लॅब्राडोरला पंख टाकला तर तो न चावता आत जातो. तोच लॅब्राडोर अर्ध्या सांगाड्याशी दहा मिनिटं झटतो. दुधाचे दात असलेल्या पिल्लाला, म्हाताऱ्या दात पडलेल्या कुत्र्याला, ज्याला आधी बद्धकोष्ठ किंवा स्वादुपिंडाचा त्रास झालाय त्याला हे नाही. दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोलीत, कारण स्पर्धेत कुत्रं गिळतं. आपण समोर बसायचं, मध्ये हात घालायचा नाही. अर्ध्या तासात जे उरलं ते उचलून टाकायचं, फ्रिजमध्ये परत ठेवायचं नाही. भांडं, फरशी, आपले हात साबणाने धुवायचे, आणि त्या दिवशी तोंड चाटू द्यायचं नाही. एकूण जेवणात हाडाचा वाटा दहाव्या हिश्शाच्या वर नको. हे सगळं रोज जमणार नसेल, तर कच्च्या हाडाचा विचार सोडून द्यावा.

माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे, आणि ती वाट आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कुकर. माना, पाय, सांगाडा यांत बुडेल एवढं पाणी घालून, मीठ-मसाला काही न घालता, मंद आचेवर दीड-दोन तास ठेवलं तर कोवळ्या ब्रॉयलरचं हाड पार भुसभुशीत होतं. पातेल्यात शिजवलेलं हाड ठिसूळ आणि टोकदार होतं. कुकरमधल्या चढ्या तापमानात आणि लांब वेळात ते त्या पायरीच्या पुढे जातं, डबाबंद माशाच्या काट्यासारखं. कसोटी सोपी आहे. जाडात जाड नळी दोन बोटांत दाबावी. तिचं पीठ झालं तर द्यावी, काडी म्हणून मोडली तर पुन्हा कुकरला लावावी किंवा काढून टाकावी. मग सगळं रवीने घुसळून, हाताने चाचपून, भातात किंवा भाकरीत कालवावं. जंतू मेलेले, कॅल्शियम हाडाच्या पिठात तसंच उरलेलं. एवढा गॅस जाळणं परवडत नसेल तर त्याहून सोपं: मांस साधं शिजवून सगळी हाडं काढून टाकायची आणि अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, मिक्सरमधून बारीक करून मिसळायचं. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. २० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे अर्ध्याहून थोडं अधिक टरफल. पिल्लांचं गणित मात्र स्वतः करू नये. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं वाकडी वाढतात. तिथे डॉक्टरांना विचारूनच.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तर कुकरशिवाय दुसरं काही मला दिसत नाही. रात्रीच्या लोकलने परतल्यावर पिशवी घेऊन उतरणारी माणसं या मार्गावरच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण रस्त्यावरच्या कुत्र्याचे दात कसे आहेत, त्याने आधी काय गिळलंय, ते अडकलं तर त्याला कोण नेणार, हे खाऊ घालणाऱ्याला माहीत नसतं. पाच कुत्री एका मुंडीवर तुटून पडतात तेव्हा चावणं होत नाही, ओरबाडणं होतं. भांडणात माणसालाही चावा बसतो. कच्ची आतडी रस्त्यात टाकली की मागून उंदीर, घारी, कावळे येतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघ आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालण्यावर भर दिला. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि स्टेशनच्या जिन्यापासून दूर, रोज त्याच वेळी, वेगवेगळ्या पत्रावळींवर कालवलेला भात ठेवणं आणि नंतर पत्रावळी उचलून नेणं, हे शेलूसारख्या गावात सहज होण्यासारखं आहे. नसबंदी आणि रेबीजची लस टोचायला कुत्री हाताशी येतात तीही अशा ठरलेल्या जागी.

राहतो तो चिकन सेंटरच्या टपातला माल. दोन किलोच्या कोंबडीतून ग्राहकाच्या पिशवीत सुमारे दीड किलोपर्यंत जातं. उरलेलं पिसं, रक्त, आतडी, मुंडी, पाय. गटारी आणि ३१ डिसेंबरला त्याचे ढीग लागतात. ते कुत्र्यांनी संपवावेत, हीच आज अनेक ठिकाणची न लिहिलेली व्यवस्था आहे, आणि जे कुत्र्यांना संपत नाही ते रात्री पुलावरून खाली जातं. खाली उल्हास आहे. शेलूवरून वाहत गेलेलं तिचं पाणी पुढे बदलापूरला उचललं जातं आणि लाखो नळांना येतं. पुण्याच्या त्या जानेवारीनंतर तरी हा धागा कुणाला समजावून सांगायला नको.

केरळने यावर जिल्ह्याजिल्ह्यांत रेंडरिंगचे कारखाने उभारले. दुकानांतून रोज शीतगाडीने कोंबडीचा कचरा उचलायचा, दाबाच्या भांड्यात चढ्या तापमानाला शिजवायचा, चरबी वेगळी काढायची आणि उरलेल्याची कोरडी पूड करायची. ही पूड माशांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे कुत्र्याला हाडाचं कॅल्शियम मिळतंच, फक्त टोक आणि जंतू वगळून. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत, आणि घाटाच्या पायथ्याला खोपोली, खालापूर: एका गाडीची ही एक सकाळची फेरी आहे. ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि दुकानदार यांनी मिळून गाडीचा खर्च उचलला, दुकानाच्या परवान्याला कचरा गाडीत दिल्याच्या पावतीची अट घातली, तर पहिल्या वर्षी कारखाना आपल्या तालुक्यात असण्याचीही गरज नाही. सुरुवात गटारीच्या आठवड्यापासून करता येईल.